येणारा आणि राहणारी

हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातलं घर. मूलबाळ नसलेली, पंचाहत्तरी ओलांडलेली आत्या नवरा गेल्यापासून माहेरी राहते. तिचा धाकटा भाचा पुण्याला नोकरीला आहे. थोरल्या भाच्याची बायको गावात आशा कार्यकर्ती आहे. एक येणारा, एक राहणारी.

येणारा: वहिनी, तुम्ही फोनवर म्हणालात, ‘भाऊजी, तुम्ही येऊन जाता आणि मागे माझं काम वाढतं.’ ते माझ्या मनातून जात नाही, आणि पुरतं पटतही नाही. मी रिकाम्या हाताने येत नाही. आत्याच्या रक्ताच्या तपासण्या होतात, चष्म्याचा नंबर बदलतो, गळका पत्रा निघून नवा बसतो, बँकेत अडकलेलं काम सुटतं. पैशाचं सोडा, बाहेरून आलेल्या माणसाला नजर असते. तिचे पाय सुजलेले मला आधी दिसले. तुम्ही रोज ते पाय बघत होतात. रोज रोज बघितलं की तीळ तीळ वाढणारी गोष्ट कळत नाही, त्यात तुमचा काही दोष नाही. पण मग लांबून येणाऱ्या माणसाचा तेवढा तरी उपयोग मान्य करा. मी आलो नसतो तर ती सूज अजून किती दिवस तशीच राहिली असती?

राहणारी: सूज तुम्हाला दिसली, मान्य. तुम्ही तिला हिंगोलीला नेलं, डॉक्टरांनी लघवीची गोळी लिहून दिली, तुम्ही महिन्याभराच्या गोळ्या घेऊन ठेवल्या आणि रात्रीच्या गाडीने गेलात. आता पुढचं ऐका. आत्या ती गोळी रात्री जेवणानंतर घ्यायची, बाकीच्या गोळ्यांबरोबर. मग रात्रभर उठणं. अंधारात, ओसरीची पायरी उतरून, भिंतीला धरून. एका रात्री ती उंबऱ्यात बसलेली सापडली, उठवेना म्हणून. त्यानंतर मी तिच्या खोलीत अंथरूण टाकलं. आठवड्याने प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, ही गोळी सकाळी द्यायची. एवढीच गोष्ट, पण ती कुणी सांगितली नव्हती, आणि विचारायलाही कुणाला सुचलं नव्हतं. मी पाकिटावर सूर्य काढून दिला. रात्रीच्या पाकिटावर चांदोबा आहे. आता ती चुकत नाही.

तुमची नजर खोटी आहे असं मी म्हणत नाही, भाऊजी. तुम्ही सूज बघितली, मी रात्र बघितली. पण गावात ‘भाच्याने पुण्याहून येऊन आत्याला बरं केलं’ एवढंच बोललं गेलं. तेही मी सोडून देते. माझं म्हणणं वेगळंच आहे. तुम्ही जे काम सुरू करून जाता ते पुढे चालवायला माणूस लागतं, आणि सुरू करताना त्या माणसाला तुम्ही विचारत नाही.

येणारा: विचारायला हवं होतं. ते मी ऐकतो. पण तुमच्या बोलण्यात अजून एक गोष्ट दडलेली आहे. मदत म्हणजे फक्त रोजची मदत, बाकीचं सगळं दिखाऊ, असं काहीतरी. ते मला मान्य नाही. मी येणार म्हटलं की आत्या आदल्या दिवसापासून उठून बसते. न्हाऊन घेते, ठेवणीतलं लुगडं काढते, मला आवडतं म्हणून शेंगदाण्याची चटणी स्वतः कुटायचा हट्ट धरते. तुम्हीच सांगता, एरवी ती चार चार वेळा हाक मारल्याशिवाय खाटेवरून उठत नाही. माणूस येण्याने शरीरात बळ येत असेल, तर ते औषध का नाही? कुणीतरी आपल्यासाठी तिकीट काढून, रात्रभर बसून आलं, हे त्या वयात लहानसहान नसतं. ते पैशाने मिळत नाही आणि, राग मानू नका, रोजच्या माणसाकडूनही मिळत नाही, कारण रोजच्या माणसाची वाट बघावी लागत नाही.

राहणारी: राग कशाला? खरं आहे ते. पण तुम्ही गेल्यानंतरचे दोन दिवस तुम्ही कधी बघितले नाहीत. ती पडून असते. गुडघे धरतात, जेवण जात नाही, बोलत नाही. तुम्ही असताना तिने दुखणं आवरून धरलेलं असतं. तुम्ही विचारता, ‘आत्या, कसं वाटतंय?’ ती म्हणते, ‘मला काय धाड भरलीय?’ आणि तुम्ही पुण्याला जाऊन भावंडांना सांगता की आत्या ठणठणीत आहे. मग मी महिन्याभराने म्हटलं की आता तिच्याने एकटीने न्हाणं होत नाही, तर तुम्हाला वाटतं वहिनी वाढवून सांगते. तिचं बरं असणं तुमच्या वाट्याला येतं आणि तिचं दुखणं माझ्या. मग दोघांपैकी कुणाला ती खरी माहीत?

आशाच्या कामात मी घरोघर जाते. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरायचा असतो, बीपी-साखरेच्या तपासणीला पाठवायचं असतं. म्हातारी माणसं मला जे सांगतात ते मुलांना सांगत नाहीत. मुलगा आला की खोकला दाबतात. का? तर तो लांबून आला, त्याचे दोन दिवस खराब होऊ नयेत. आपण समजतो आपण त्यांची काळजी घ्यायला आलो. तेवढे दिवस तीच आपली काळजी घेत असतात.

येणारा: हे ऐकून मला बरं वाटलं नाही, पण ते नाकारताही येत नाही. तरी मी एक विचारतो. ती माझ्यासमोर उठून बसते ते खोटं, आणि तुमच्यासमोर कण्हते ते खरं, असं कशावरून? माणूस वेगवेगळ्या माणसांसमोर वेगवेगळं असतं, आणि ते सगळंच त्याचं असतं. तुमच्यासमोर ती रुग्ण आहे, माझ्यासमोर आत्या आहे. तिला दोन्ही हवं असेल.

राहणारी: असेल. माझ्यासमोर तिला आत्या व्हायला फुरसत मिळत नाही, हेही त्यातच आलं. मलाच फुरसत नसते. तुम्ही कधी येता ते बघा. दिवाळीला, नाहीतर मे महिन्यात. दिवाळीला सोयाबीन नुकतं घरात आलेलं असतं, कापसाची वेचणी चालू, हरभऱ्याची पेरणी डोक्यावर. तरी दिवाळीला घरात चार माणसं असतात. खरी ओढाताण फाल्गुन-चैत्रात. हळदीची काढणी लागली की बाया पहाटे शेतात, मग शिजवणीचा कुकर भाड्याने आला की रात्रीसुद्धा हलता येत नाही. वाळवण, पॉलिश, मग बाजार समितीला माल. आपल्या भागात हळद हे वर्षाचं मोठं नगदी पीक. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून पेपरात आलं तेव्हा तुम्ही मला फोटो पाठवला होता. त्या हळदीच्या महिन्यात आत्याला दुपारचं वाढायला घरात कुणी नसतं. मी सकाळी भाकरी झाकून जाते. ती खाते की कुत्रं खातं, संध्याकाळी कळतं. तेव्हा कुणी येत नाही, कारण तेव्हा सुट्टी नसते.

आणि आपलं तरी बरं म्हणायचं. कळमनुरी-सेनगावकडच्या तांड्यांवर जाऊन बघा. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या ऊसतोडीला निघतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. मुकादमाकडून उचल घेतलेली, त्यामुळे आई आजारी पडली तरी पोराला मधे येता येत नाही. तिथे म्हातारीला कुणी सांभाळत नाही, म्हातारीच नातवंडांना सांभाळते, म्हणून तर पोरं शाळेत टिकतात. येणं-जाणं हेसुद्धा नशिबात असावं लागतं.

येणारा: म्हणूनच मी येतो ते सोडू नये असं मला वाटतं. ज्याला येता येतं त्याने यावं. आता पैशाचं बोलू, कारण ते न बोलता राहिलं की आत कुजतं. मी पुण्याला गेलो म्हणून आत्याच्या औषधपाण्याला पैसे येतात. दोन एकर शेतीवर ते झालं नसतं. घरातल्या कुणीतरी बाहेर जायचं, कुणीतरी राहायचं, अशीच आपल्याकडे घरं चाललीत. जाणाऱ्याने कमवायचं, राहणाऱ्याने सांभाळायचं. कायदासुद्धा हेच धरून चालतो. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा 2007 चा कायदा आहे. त्यात मूल नसलेल्या म्हाताऱ्या माणसाची जबाबदारी, ज्यांना त्याची मालमत्ता मिळणार त्या नातेवाइकांवर टाकलीय, आणि तीही ज्याला जेवढा वाटा मिळणार त्या प्रमाणात. आत्याच्या नावची जमीन आजोबांकडून आलेली. ती उद्या दादाला आणि मला येईल. म्हणजे कायद्याने जबाबदारी आम्हा दोघांची. ती मी कधी झटकली का?

राहणारी: नाही झटकली. पण तो कायदा मीही प्रशिक्षणात ऐकलाय. प्रांताकडे अर्ज करायचा, आणि महिन्याला जास्तीत जास्त 10,000 रुपयांपर्यंत चरितार्थ मिळू शकतो. पैसा त्याला मोजता येतो. पायरी उतरताना धरणारा हात त्यात कुठे मोजलाय? आणि त्यात मुलगा आहे, मुलगी आहे, नातू-नात आहे, वारस आहेत. सून नाही. 2019 ला दुरुस्तीचं विधेयक संसदेत आलं होतं, त्यात सून-जावई घातले होते, पण ते मंजूरच झालं नाही. मला काही कायद्याने बांधून घ्यायची हौस नाही. पण ज्या बाईच्या हातचं ती रोज खाते, त्या बाईचं नाव जबाबदारीच्या यादीतही नाही आणि वाट्याच्या यादीतही नाही. तुम्ही म्हणता कुणीतरी जायचं, कुणीतरी राहायचं. कुणी जायचं हे तुम्ही ठरवलंत. मी राहायचं, हे कुणी ठरवलं?

येणारा: याला माझ्याकडे उत्तर नाही. तुम्ही आशाचं काम सांभाळून, शेत सांभाळून हे करता, आणि आम्ही त्याला ‘घरातच तर असते’ म्हणतो. ते थांबायला हवं. मी एक बाई लावायला तयार आहे, निदान हळदीच्या दिवसांत. पैसे मी देईन.

राहणारी: हळदीच्या दिवसांत बाई मिळत नाही, भाऊजी. मजुरीच वाढलेली असते, सगळ्या बाया रानात. पण विचारलंत ते चांगलं केलंत. आधी तुम्ही विचारण्याऐवजी कॅमेरा आणला होता.

येणारा: कॅमेऱ्याचं मला मनापासून बोलायचंय. तुम्ही तो काढून ठेवलात. मी चिडलो होतो. मला पुण्यात रात्री झोप लागत नाही. 10 जुलै 2024 ला सकाळी सव्वासातच्या सुमारास भूकंपाचा धक्का बसला, 4.5 रिश्टरचा, केंद्र आपल्याच कळमनुरी तालुक्यात. त्याआधी मार्चमध्येही बसला होता. बातमी बघितली आणि फोन लावत सुटलो. लागेपर्यंत डोळ्यासमोर ती जुनी माळवदाची खोली. त्या वेळी वाटलं, निदान बघता तरी आलं असतं. ती पडली, उठत नाही, हे मला लांबून दिसलं तर शेजाऱ्याला फोन करता येईल. यात वाईट काय?

राहणारी: त्या सकाळी तुम्ही फोन लावत होतात तेव्हा मी तिला काखेत धरून अंगणात आणलेलं होतं. पांगरा शिंदेकडची माणसं तर किती वर्षं जमिनीतले आवाज ऐकत आलीत, आपल्याकडेही आता सवय झालीय, हादरा बसला की आधी म्हातारी नाहीतर लेकरू उचलायचं. कॅमेऱ्याने तुम्हाला काय दिसलं असतं? आम्ही पळताना. बरं, तेही असो. तुमची झोप उडते हे मी समजते. पण तो कॅमेरा तिच्या खाटेसमोर लावला होता. त्या खोलीत मी तिला पुसून काढते. लुगडं बदलते. कधी ती हट्टाला पेटते, कधी माझा आवाज चढतो. दिवसभर उन्हात राबून आल्यावर तिने ताट सारलं की माझा आवाज चढतो. तो चढलेला आवाज तेवढा पुण्यात ऐकू जाणार, आणि त्याच्या आधीचा दिवस ऐकू जाणार नाही. तो डोळा आत्यावर ठेवलेला नव्हता. माझ्यावर होता.

येणारा: माझा तसा हेतू नव्हता. पण तुमचं म्हणणं कळलं. तरी एक शंका उरते, आणि ती तुमच्याविषयी नाही. सगळ्या घरांत तुमच्यासारखी माणसं नसतात. म्हाताऱ्यांना उपाशी ठेवणारी, अंगठा उठवून घेणारी घरंही आहेत, तुम्हीच सांगता. तिथे बाहेरून येणाऱ्या माणसाची नजर हाच म्हाताऱ्याचा आधार असतो. येणाऱ्याने शंका घेऊच नये, राहणाऱ्याच्या शब्दावर सगळं सोडावं, असा नियम केला तर त्या घरांतल्या म्हाताऱ्यांचं काय?

राहणारी: तो नियम करू नये. मी आशा म्हणून हेच सांगेन. अशा घरात कुणी लांबचा भाऊ, कुणी लेक अचानक आली की म्हातारीला दोन दिवस पोटभर मिळतं, आणि घरच्यांनाही जरा धाक राहतो. त्या नजरेची गरज आहे. पण बघायला येणं आणि पाहणी करायला येणं यात अंतर आहे. ते म्हाताऱ्याला नसेल कळत, राहणारीला पहिल्या तासात कळतं. तुम्ही आल्या आल्या आधी आत्याशी बोलता की आधी औषधांचा डबा उघडता, त्यावर.

येणारा: वहिनी, आता मी तुम्हाला विचारतो. तुमची आई वसमतकडे, तुमच्या भावाच्या घरी. तिचं वयही आत्याएवढंच. तिथे तुम्ही कोण?

राहणारी: तिथे मी येणारी. तुम्ही हे विचाराल याची मी वाटच बघत होते.

आपल्याकडे नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जाणारे आता आले. लग्न करून दिलेल्या लेकी पहिल्यापासून लांबूनच आईबाप बघत आल्या. नागपंचमीला, दिवाळीला, मधे कुणी आजारी असलं तर सासरी परवानगी काढून. पोरी हे निमूट करत आल्या, त्याला कुणी प्रश्न म्हटलं नाही. तोच प्रसंग मुलांवर आला तेव्हा त्यावर लेख निघाले. ते निघू द्या, चांगलंच आहे. पण लेकींना विचारून बघा, त्यांना यातलं पुष्कळ माहीत आहे. माहेरी गेलेली लेक पहिल्या दिवशी काय करते? आईचे केस विंचरते. गोधड्या काढून धुते. आणि नखं काढते. म्हाताऱ्या माणसाची पायाची नखं दगडासारखी होतात, आत वळतात, चालताना टोचतात. भावजयीला रोजच्या धबडग्यात त्याला वेळ नसतो, सांगायला आईला लाज वाटते. कोमट पाण्यात मीठ टाकून अर्धा तास पाय बुडवून ठेवायचे, मग हळूहळू काढायची, कडेने जास्त खोल जायचं नाही. साखर असली तर फारच जपून. हे काम लेक करते आणि मागे कुणाचंही काम वाढत नाही. उलट महिनाभर आई नीट चालते. तुम्ही पुरुष आलात की पत्रा बदलता, कॅमेरा लावता, डॉक्टर बदलता. आत्याची नखं तुम्ही कधी काढलीत?

येणारा: नाही. ती मला पायाला हात लावू देणार नाही. भाच्याने पाया पडायचं, पाय धरून बसायचं नाही. आणि मलाही संकोच वाटतो, ते का लपवू? पण तुम्ही म्हणता त्यातलं एक धरून ठेवतो: जे केल्याने मागच्याचं काम हलकं होतं ते आधी करायचं. मागच्या खेपेला मी मारुतीच्या पारावर लॅपटॉप घेऊन बसलो होतो, श्रावणबाळ योजनेच्या म्हाताऱ्यांची कामं करत. आयुष्यभर निंदणी-खुरपणी करून बोटं झिजलेली, अंगठा उमटत नाही, म्हणून महिन्याचे 1,500 रुपये अडकलेले. त्यांना गाडीत घालून तालुक्याला नेलं, डोळ्यांवरून ओळख पटवून घेतली. ते काम तुम्हाला उपयोगी पडलं की नाही?

राहणारी: फार उपयोगी पडलं. त्या म्हाताऱ्या अजून तुमचं नाव काढतात. सत्तरीच्या पुढच्यांना 5 लाखांपर्यंतच्या उपचाराचं आयुष्मान कार्ड मिळतं, तेही तसंच अंगठ्यापाशी अडतं, तेही करून द्या. येणाऱ्या शिकल्या-सवरल्या माणसाने कचेरीची कामं करावीत, कारण आमचा एकेक दिवस त्यात मोडतो. पण मग मला सांगा, पुंडलिकाची गोष्ट आपण कशासाठी सांगतो? देव दारात आला तरी आईबापांची सेवा सोडली नाही, विटेवर उभं केलं. पुंडलिक घरी होता म्हणून ते जमलं.

येणारा: आणि नामदेव? नर्सीचे नामदेव, आपल्याच हिंगोलीचे. ते थेट पंजाबात घुमानला जाऊन राहिले. शीख बांधवांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची पदं आहेत. ते घरी राहिले असते तर? मोठं काम लांब जाऊनच होतं कधी कधी.

राहणारी: नामदेवांच्या गाथ्यात गोणाईचे अभंगही आहेत, भाऊजी, आणि राजाईचेही. आई आणि बायको. माझा मुलगा मला परत दे म्हणून गोणाई विठ्ठलाशी भांडते, संसाराला काही उरलं नाही म्हणून राजाई तक्रार करते. वारकऱ्यांनी ते अभंग गाळले नाहीत, गाथ्यातच ठेवले. मला त्याचं फार मोल वाटतं. जाणाऱ्याचं थोरपण आणि राहणाऱ्यांची तक्रार एकाच पोथीत. कुणी कुणाला खोटं पाडलेलं नाही.

येणारा: मग अवघड प्रश्न काढतो, कारण तो टाळत आलोय. उद्या आत्या पडली, खुब्याचं हाड मोडलं, तर? डॉक्टर सांगतात की या वयात शस्त्रक्रिया लवकर, शक्यतो दोन दिवसांच्या आत झाली तर माणूस पुन्हा उभं राहतं. अंथरुणावर ठेवलं तर पाठीला जखमा, छातीत कफ. मी म्हणणार, ताबडतोब नांदेडला न्या. दादा म्हणेल, या वयात चिरफाड नको. तुम्ही काय म्हणाल? आणि ठरवायचं कुणी? पैसे देणाऱ्याने, की पुढचे सहा महिने उठबस करणाऱ्याने?

राहणारी: मी नांदेडला न्या म्हणेन. उभी राहिली तर सगळ्यांचीच सुटका, तिची आधी. पण समजा डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर आहे, टेबलावरच जाऊ शकते. मग? मी तुम्हाला खरं सांगते. तेव्हा माझ्या मनात काय येईल ते मला आज माहीत नाही. थकलेलं माणूस जे ठरवतं त्यात त्याचा थकवा किती आणि दया किती, हे त्याला स्वतःलाही वेगळं करता येत नाही. आणि लांबून आलेलं माणूस जे ठरवतं त्यात त्याची खंत किती असते? शेवटच्या महिन्यात नळ्या लावून घ्यायचा आग्रह बहुतेक वेळा सगळ्यात लांबून आलेलाच धरतो. मी दोन-चार घरांत बघितलंय.

येणारा: म्हणून तिलाच विचारून ठेवावं. आत्ता, शुद्धीत असताना, आपण दोघं समोर बसून.

राहणारी: दोघं समोर बसलो तर ती दोघांची तोंडं बघून बोलेल. तुमच्यासमोर म्हणेल, ‘तू म्हणशील तसं.’ माझ्यासमोर म्हणते, ‘मला इथेच राहू दे, कुठे नेऊ नका.’ दोन्ही मनापासून.

येणारा: मग निदान वेगवेगळं विचारू, आणि जे ऐकलं ते एकमेकांना सांगू. लपवायचं नाही.

राहणारी: ते करू. त्यात तिला वाईट वाटलं तरी करू.

येणारा: आणि मी यंदा फाल्गुनात रजा टाकतो. हळद शिजायला लागली की येतो, दुपारचं मी वाढतो तिला. कुकरजवळ रात्री मी थांबतो, तुम्ही घरी झोपा.

राहणारी: या. त्याने मला खरंच हातभार लागेल. पण तेवढी रजा गेली की दिवाळीला तुम्हाला यायला जमेल का?

येणारा: नाही जमणार. दोन्ही होणार नाही.

राहणारी: मग हे तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर मी फाल्गुन म्हणेन, कारण मला तेव्हा माणूस लागतं. तिला विचाराल तर ती दिवाळी म्हणेल, कारण भाऊबीजेला तिला ओवाळायला कुणी उरलं नाही. तिचे भाऊ गेले, म्हणून ती भाच्यांना ओवाळते, हे तुम्हाला माहीत आहे. फाल्गुनात तुम्ही आलात तर तिला जेवण वेळेवर मिळेल, पण त्यासाठी तिने तुम्हाला बोलावलेलं नाही. दिवाळीला आलात तर मला काडीचा उपयोग नाही, आणि तिचं वर्ष भरतं. मी तिला फाल्गुनासाठी पटवायला जाणार नाही. तुम्हीही माझ्या नावावर तिला सांगू नका.

येणारा: म्हणजे जे तिच्या गरजेचं आहे ते एकीकडे, आणि जे तिला हवंय ते दुसरीकडे.

राहणारी: आणि जे माझ्या गरजेचं आहे ते तिच्या गरजेच्या नावाखाली मी मागतेय की काय, हेही तपासून बघा. मी रोज तपासते.